डोके, डिकी आणि कलम १२९

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२९ अन्वये दुचाकी चालवणाऱ्या, तसेच दुचाकीवरून नेल्या जाणाऱ्या, चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने भारतीय मानक ब्युरोच्या निकषांत बसणारे शिरस्त्राण, म्हणजे सारा महाराष्ट्र ज्याला हेल्मेट म्हणतो ती वस्तू, डोक्यावर घालणे बंधनकारक आहे. आणि हे कलम वाचून पुण्याच्या रस्त्यावर उतरणाऱ्या परक्या अभ्यासकाचा पहिला समज असा होतो की एकतर हा कायदा रद्द झाला असावा, नाहीतर शहरातील बहुसंख्य प्रजा चार वर्षांखालील असावी. दोन्ही समज चुकीचे आहेत. कायदा जारी आहे, प्रजा सज्ञान आहे, आणि या कायद्याविषयीचे सार्वजनिक ज्ञान पुण्यात जितके सखोल आहे तितके विधी महाविद्यालयांतही आढळत नाही. कोणत्या चौकात, कोणत्या वेळी, झाडाच्या कोणत्या बाजूला कलम १२९ लागू होते, हे येथील दहावीचा विद्यार्थी वाहन परवाना मिळण्याच्या दोन वर्षे आधीच सांगू शकतो.

या ज्ञानाच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि ते ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा व्यवहार उलगडत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मते हेल्मेट हा डोके आणि डांबर यांच्यातील प्रश्न आहे. नागरिकाच्या मते तो नागरिक आणि वाहतूक पोलीस यांच्यातील प्रश्न आहे, आणि रस्ता हा त्यात पक्षकारच नाही. हेल्मेट कोठे ठेवायचे, केव्हा घालायचे, कोणते विकत घ्यायचे, त्याचा पट्टा लावायचा की लोंबता ठेवायचा, या साऱ्यांची उत्तरे याच गृहीतकातून निघतात. ज्या वस्तूचे काम पोलिसाला दिसणे एवढेच आहे, तिचा पट्टा लावण्यात वेळ दवडणे हा अपव्यय होय.

प्रत्यक्ष आचरण पाहिल्यास ही विचारसरणी किती सुसंगत आहे हे कळते. गिअरविरहित स्कूटरच्या आसनाखाली जी पोकळ जागा असते तिला डिकी म्हणतात, आणि अर्ध्या आकाराचे हेल्मेट मावेल इतकी ती मोठी असते. सदाशिव पेठेतून निघालेला स्वार टिळक रस्त्याला लागेपर्यंत हेल्मेट डिकीत असते. समोरून येणारा अनोळखी स्वार जवळून जाताना आपल्या डोक्यावर दोनदा तळहात थोपटतो. ही खूण मूकबधिरांच्या कोणत्याही भाषेत नोंदलेली नाही, पण तिचा अर्थ ‘पुढे मामा आहेत’ असा असून मामा म्हणजे पांढरा शर्ट आणि खाकी विजार घातलेला वाहतूक पोलीस होय. खूण मिळताच स्वार गाडी कडेला घेतो, उतरतो, मागच्या सहप्रवाशालाही उतरवतो, आसन उचलतो, डिकीतील पावसाळी कोट, कोथिंबिरीची जुडी आणि गेल्या वर्षीचे विजेचे बिल बाजूला सारून हेल्मेट काढतो, डोक्यावर ठेवतो, शंभर मीटर अंतर कमालीच्या शालीनतेने पार करतो आणि चौक ओलांडून पहिल्याच वळणावर पुन्हा तोच सारा विधी उलट क्रमाने पार पाडतो. या दोन थांब्यांना लागणारा वेळ हा हेल्मेट घरूनच घालून निघण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक असतो, परंतु तो तत्त्वासाठी दिलेला वेळ असल्याने त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

ज्यांना डिकीचा मार्ग पसंत नाही त्यांच्यासाठी कोपराचा मार्ग आहे. हेल्मेटाची दुरडी कोपरात अडकवून गाडी चालवणाऱ्या स्वाराच्या शरीरात सर्वांत सुरक्षित अवयव कोपर हाच असतो. काहीजण ते आरशाला टांगतात, काही पेट्रोलच्या टाकीवर मांडून ठेवतात, आणि मंडईतून परतणारे काही व्यवहारी गृहस्थ त्यात अर्धा किलो वाटाणा आणतात, जो पडला तरी फुटत नाही. सहप्रवाशाच्या बाबतीत तर प्रश्नच उद्भवत नाही, कारण पुण्यात मागे बसणाऱ्या व्यक्तीला डोके असल्याचे कायद्याखेरीज अन्य कोणी मान्य केलेले नाही. मुंबईत २०२२ च्या जूनपासून मागच्याच्या हेल्मेटाचाही आग्रह सुरू झाला आणि मुंबईकराने कुरकुरत का होईना दुसरे हेल्मेट घेतले. पुण्यात त्याच विषयावर पत्रलेखन सुरू झाले.

पुण्याच्या या वेगळेपणाला इतिहास आहे. सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे हे गाव स्कूटरवर आले ते शेजारच्या आकुर्डीत बजाजचा कारखाना उभा राहिल्यामुळे. १९७२ साली चेतक निघाली, त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकची लुना आली, आणि ज्या प्राध्यापकांनी, कारकुनांनी व गृहिणींनी सायकलवर टोपी, अंबाडा वा रुमाल यांपलीकडे काही घातले नव्हते त्यांनी तेच डोके, त्याच अवस्थेत, पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनावर नेले. वाहन बदलले, पण आपण वाहन चालवत आहोत ही जाणीव बदलली नाही. लुना ही आजही अनेकांच्या लेखी गाडी नव्हेच. पुढे वाहने इतकी वाढली की २०१८ साली शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या वर जाऊन लोकसंख्येलाही मागे टाकती झाली, आणि त्यांत मोठा वाटा दुचाकींचा होता. म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने पुण्यात वाहनाला माणूस कमी पडतो. हेल्मेटाला डोके कमी पडते ते या हिशेबात धरलेले नाही.

अशा शहरात हेल्मेट आले ते ‘हेल्मेटसक्ती’ या जोडशब्दातूनच. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून ही सक्ती पुण्यात अनेकदा आली आणि अनेकदा गेली, आणि प्रत्येक वेळी तिला विरोध करण्यासाठी कृती समिती सिद्ध होती. या चळवळीचे सर्वांत प्रगल्भ सूत्र म्हणजे ‘आमचा हेल्मेटला विरोध नाही, सक्तीला विरोध आहे’ हे होय. तर्कशास्त्राच्या अंगाने ते निर्दोष आहे. हेल्मेट चांगले आहे हे मान्य; ते घालावे हेही मान्य; परंतु ते घालायला सांगितल्यामुळे आता घालता येत नाही, अशी ही भूमिका असून तिच्यामुळे हेल्मेट घालू इच्छिणाऱ्या हजारो नागरिकांची केवळ शासनाच्या उतावीळपणापायी कुचंबणा झाली आहे. ज्या दिवशी सक्ती उठते त्या दिवशी हे नागरिक स्वेच्छेने हेल्मेट घालतील अशी अपेक्षा कोणी केल्यास ती मात्र अप्रस्तुत ठरते, कारण सक्ती उठली याचा आनंद व्यक्त करण्याचा अन्य मार्ग उपलब्ध नसतो.

१ जानेवारी २०१९ रोजी शहर पोलिसांनी पुन्हा एकदा सक्ती जारी केली तेव्हा या भूमिकेची मोठी कसोटी लागली. मोर्चे निघाले, सविनय कायदेभंगाची भाषा झाली, आणि हेल्मेटाऐवजी पुणेरी पगडी घालून स्वार रस्त्यावर उतरले. पगडीचा हा उपयोग कायद्याच्या अभ्यासकांना विचारात पाडणारा आहे. कलम १२९ मध्ये सवलत आहे ती पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तीला, धर्माचारासाठी. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट स्थानाच्या उत्पादनास मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभलेले आहे खरे, परंतु ते संरक्षण पगडीला आहे, तिच्या आतील ऐवजाला नाही. शिवाय पगडी वाऱ्यावर उडते, म्हणून तिला एका हाताने धरून गाडी चालवावी लागते, ही तांत्रिक अडचण आंदोलनकाळात अनेकांनी निष्ठेने सोसली.

विरोधाचे युक्तिवाद केवळ भावनिक होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मानेचे दुखणे जडते, कानावर येणारा आवाज दबतो, बाजूचे दिसत नाही, उन्हाळ्यात घामाने डोके उकडते आणि केस गळतात, अशी वैद्यकीय बाजू त्यांत होती. यांतला केसांचा मुद्दा, विशेष म्हणजे, ज्यांच्याकडे त्या खात्यावर शिल्लक काहीच उरलेली नव्हती त्यांनीही तितक्याच कळकळीने मांडला. खड्डे आधी बुजवा, मग हेल्मेटाचे बोला, हा युक्तिवाद तर नागरिकशास्त्राचा नमुनाच होय. खड्डे आहेत म्हणून डोके उघडे ठेवणे हा महानगरपालिकेवर टाकलेला नैतिक दबाव असून तिच्या कारभाराचा अनुभव असलेल्या नागरिकाने असा दबाव डोक्याच्या भांडवलावर आणावा, यात विलक्षण आशावाद आहे.

सर्वांत बळकट मानला गेलेला युक्तिवाद वेगाचा होता. पुण्याच्या गर्दीत गाडी ताशी वीस किलोमीटरच्या वर जातच नाही, मग हेल्मेट कशाला, असा तो प्रश्न. येथे शालेय पदार्थविज्ञान थोडे आडवे येते. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर असते, आणि दीड मीटरवरून कोणतीही वस्तू नुसती पडली तरी जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी साधारण साडेएकोणीस किलोमीटर होतो. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असली, तिचा वेग शून्य असला, आणि स्वार पाय टेकण्याच्या नादात कलंडला, तरी ज्या वीसच्या वेगाला तो निरुपद्रवी मानतो तो वेग गुरुत्वाकर्षण त्याच्या डोक्याला फुकट पुरवते. गुरुत्वाकर्षणाला शहरांतर्गत रस्ते आणि महामार्ग हा भेद ठाऊक नसावा, हा न्यूटनच्या सिद्धांताचा पुण्याच्या दृष्टीने मोठाच दोष म्हटला पाहिजे.

हेल्मेट या वस्तूचे काम काय, हेही येथे सांगणे इष्ट, कारण ती विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तिच्या आत डोकावले आहे. वरचे टणक कवच प्लास्टिकचे किंवा काचतंतूंचे असते आणि लोकांची श्रद्धा त्याच्यावरच असते. वस्तुतः जीव वाचवतो तो आतला थर्माकोलसारखा फेसाळ, दाबून बसवलेल्या मण्यांचा थर. आघात होताच हा थर चेपतो, त्या चेपण्यात आघाताची ऊर्जा खर्च होते, आणि डोके एका झटक्यात थांबण्याऐवजी काही सहस्रांश सेकंद अधिक घेऊन थांबते. एवढ्या अवधीवर मेंदू कवटीवर आदळण्याचे प्रमाण अवलंबून असते. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून मोठा आघात सोसलेले हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत असले तरी निकामी समजावे लागते. आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल तर पहिल्याच धक्क्यात हेल्मेट स्वाराचा निरोप घेऊन स्वतंत्र प्रवासाला निघते. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की हेल्मेटामुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

भारतात या वस्तूसाठी आय. एस. ४१५१ हे मानक असून १ जून २०२१ पासून त्या मानकाची खूण नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवण्यास वा विकण्यास बंदी आहे. या बंदीमुळे पदपथावरील विक्रेत्यांच्या व्यवसायात एकच फरक पडला, तो म्हणजे सर्व हेल्मेटांवर ती खूण आली. कोणतीही मोहीम सुरू झाली की दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला झाडाखाली दोऱ्यांवर हेल्मेटांच्या माळा लटकतात, आणि ग्राहक व विक्रेता यांच्यात जो संवाद होतो त्यात आतल्या थराचा उल्लेख येत नाही. ग्राहक विचारतो, “पोलीस पकडणार नाहीत ना?” विक्रेता म्हणतो, “काका, गॅरंटी आहे.” दोघेही प्रामाणिक असतात. जे विकले जात आहे ते पावतीपासूनचे संरक्षण आहे, आणि त्या कामी दोनशे रुपयांची ती पातळ वाटी दोन हजारांच्या हेल्मेटाइतकीच समर्थ आहे.

या साऱ्या विषयाचा उगम एका प्रसिद्ध मृत्यूपाशी आहे, हे विरोधकांना कळले असते तर त्यांनी त्याचाही उपयोग करून घेतला असता. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स हा इंग्रज १९३५ च्या मे महिन्यात डॉर्सेट परगण्यात आपल्या मोटारसायकलवरून जात असता सायकलवरील दोन मुलांना चुकवताना फेकला गेला आणि डोक्याच्या दुखापतीने सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्या उपचारासाठी बोलावलेल्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदाने तो मृत्यू मनाला लावून घेतला, सैन्यातील निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचे केले. सर्वसामान्य इंग्रजाला मात्र ते सक्तीचे व्हायला १९७३ साल उजाडावे लागले, आणि तेव्हा तेथेही ‘सक्तीला विरोध’ झालाच. फ्रेड हिल नावाचा एक वृद्ध स्वार हेल्मेटाऐवजी मऊ कापडी टोपी घालून फिरत असे, दंड भरायला नकार देत असे, आणि त्यापायी पुनःपुन्हा तुरुंगात जात असे. १९८४ मध्ये लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगातच त्याचा अंत झाला. पुण्याच्या आंदोलकाशी त्याचे वैचारिक नाते उघड आहे, परंतु फरकही मोठा आहे. हिलच्या देशात कायदा हलला नाही म्हणून त्याला हुतात्मा होता आले. पुण्यात सरकारच हुतात्म्याच्या आधी माघार घेते, त्यामुळे चळवळीला अद्याप साधा तुरुंगवासही नीट लाभलेला नाही.

कारण २०१९ च्या जूनमध्ये शहरातील आमदारांनी मुख्यमंत्र्यांना साकडे घातले आणि शहरातील रस्त्यांवर चौकाचौकांत अडवून होणारी हेल्मेटची कारवाई थांबवण्याच्या सूचना निघाल्याचे जाहीर झाले. त्यावर कायदा मात्र कायम आहे, असा खुलासा पोलिसांकडून आला. विधानसभेची निवडणूक त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात होती, हे केवळ दिनदर्शिका पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी नोंदवून ठेवावे. त्याच सप्टेंबरात केंद्राने दंडाच्या रकमा वाढवणारी दुरुस्ती देशभर लागू केली, तेव्हाही महाराष्ट्राने त्या वाढीव दंडाला तूर्त नकार दिला आणि तो लागू होता होता २०२१ चा डिसेंबर आला. दुरुस्तीतील कलम १९४-ड प्रमाणे विनाहेल्मेट स्वाराला एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवान्याची अपात्रता आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम २०० अन्वये राज्याला तडजोड शुल्क, म्हणजे खटल्याविना जागच्या जागी गुन्हा मिटवण्याची रक्कम, ठरवता येते, आणि महाराष्ट्राने ती पाचशे ठेवली. चौकात चालणाऱ्या तडजोडीला लोक उगाचच नावे ठेवतात. तिची जननी खुद्द संहितेत आहे, फक्त तिथे पावती मिळते.

शिथिलता म्हणजे कारवाईचा अभाव, असा एक ढोबळ समज आहे. तो खरा नाही. कारवाई होते, पण ती ऋतुमानाप्रमाणे होते. जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह असे, तो २०२१ साली महिनाभराचा झाला. त्या काळात हेल्मेटधारी स्वारांच्या फेऱ्या निघतात, त्यांना पाहुणे हिरवा झेंडा दाखवतात, छायाचित्र होते, आणि फेरी विसर्जित झाल्यावर स्वार हेल्मेट कोपरात अडकवून घरी जातात. मार्चअखेरीस मोहिमांना पुन्हा जोर चढतो, आणि त्याचा सरकारी वर्षाच्या हिशेबाशी संबंध आहे अशी लोकांची ठाम समजूत आहे, जी कोणत्याही खुलाशाने दूर होत नाही. पुढे गणपती येतात, मग कोणीच कोणाला अडवत नाही. २०२२ च्या मे महिन्यात तर पुण्याच्या जिल्हा प्रशासनाने ‘लाक्षणिक हेल्मेट दिन’ जाहीर केला. लाक्षणिक उपोषण म्हणजे एक दिवस न जेवणे, त्या धर्तीवर लाक्षणिक हेल्मेट म्हणजे एक दिवस डोके सांभाळणे. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांबाबत कोणतीही लक्षणे विहित नव्हती.

गुढीपाडव्याला मुंबईत गिरगावातून आणि ठाणे-डोंबिवलीतून निघणाऱ्या शोभायात्रांचा उल्लेख येथे टाळता येत नाही. नऊवारी, नथ आणि भगवा फेटा अशा वेषात बुलेटवर स्वार झालेल्या महिलांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतात, आणि ती खरोखर देखणी असतात. अन्य सर्व दिवशी मुंबईकर निमूटपणे हेल्मेट घालतो. संस्कृतीच्या दिवशी कलम १२९ फेट्याला वाट करून देते. राजकीय पक्षांच्या दुचाकी फेऱ्यांबाबतही हेच, फक्त तिथे देखणेपणाची अट नाही. ज्या सभागृहात कायदा झाला तेथे जाऊ इच्छिणारा उमेदवार उघड्या डोक्याने, हात जोडून, कार्यकर्त्याच्या मागे उभा राहून मते मागत जातो, आणि दोन्ही बाजूंना उभे असलेले पोलीस त्याच्यासाठी रस्ता मोकळा करून देतात.

चेझारे बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ साली गुन्हे आणि शिक्षा यांवरील आपल्या ग्रंथात असे मांडले होते की गुन्हा थांबवते ती शिक्षेची कठोरता नव्हे, तर तिची निश्चिती. त्याने पुणे पाहिले नव्हते, तरी त्याचे म्हणणे महाराष्ट्रात पडताळून पाहता येते. २०१६ च्या सुरुवातीला औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पोलिसांनी हेल्मेटाचा प्रश्न लावून धरला तेव्हा शहर काही दिवसांतच हेल्मेटधारी झाले. तिथल्या रहिवाशांच्या माना पुण्याहून निराळ्या घडणीच्या असल्याचा पुरावा नाही. उलट त्याच वर्षी जुलैत तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी राज्यभर ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी योजना जाहीर केली, तेव्हा पंपचालकांच्या विरोधापुढे ती काही दिवसांतच ढेपाळली आणि विनाहेल्मेट ग्राहकाचा क्रमांक टिपून ठेवण्यापर्यंत उतरली. कायद्याचे रक्षण पोलिसाने पंपावरील पोऱ्यावर सोपवावे आणि पोऱ्याने ते वहीवर सोपवावे, यात अधिकारांच्या विकेंद्रीकरणाचा उत्तम आदर्श होता. वही पुढे कोणाकडे सोपवली गेली हे कळायच्या आतच विषय मिटला.

आता निश्चितीचे काम कॅमेऱ्याकडे आले आहे. चौकातील खांबावरचा कॅमेरा छायाचित्र घेतो आणि ई-चलान, म्हणजे दंडाची विद्युत नोटीस, मोबाइलवर येते. कॅमेऱ्याला ओळख सांगता येत नाही, ‘इथे कोपऱ्यावरच जायचंय’ हे त्याला पटत नाही, आणि कोणत्याही नगरसेवकाचा फोन त्याला लावून देता येत नाही. त्यामुळे त्याच्याविषयी जनमानसात अमानुष अशी प्रतिमा तयार झाली आहे. त्यावर उपाय म्हणून क्रमांकाच्या पाट्यांची कला बहरली. इंग्रजी आकड्यांतील ४१४१ थोडे वळवून लिहिले की ‘दादा’ होतो, २१४ चा ‘राम’ होतो, आणि छायाचित्र तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला गाडी कोणाची याऐवजी श्रद्धा कोणावर एवढेच समजते. ज्यांची पाटी सरळ आहे तेही घाबरत नाहीत, कारण चलान आले म्हणजे पैसे गेले असे नाही. थकलेली चलाने साचत जातात, आणि ती राष्ट्रीय लोकअदालतीत, म्हणजे प्रलंबित प्रकरणे सामोपचाराने मिटवण्यासाठी भरणाऱ्या न्यायपीठापुढे, सवलतीत निकाली निघतील या आशेवर जपून ठेवली जातात. मुदत ठेवीवर व्याज मिळते, थकीत चलानावर सूट मिळते. मध्यमवर्गाला हा फरक चांगला समजतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतील ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे होते: ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. या आकड्यावर विनोद करता येत नाही. तो विनोदाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एकदा सावकाश वाचावा असा आहे, आणि तो कोणत्याही शहरातील कोणत्याही आंदोलनात फलकावर लिहिलेला दिसलेला नाही.

दरम्यान कायदा आपल्या गतीने पुढे जातच राहिला. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राने नियम केला की नऊ महिन्यांवरील आणि चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचे हेल्मेट घालावे, त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा लावावा आणि वेग ताशी चाळीसच्या आत ठेवावा. हा नियम वर्षभराने अमलात आला तरी पुण्यात ते मूल आजही वडिलांच्या दोन पायांच्या मध्ये, स्कूटरच्या पुढच्या भागावर, हँडल धरून उभे असते. थंडीत त्याला माकडटोपी मात्र न चुकता घातलेली असते, कारण सर्दी हा या शहरात गांभीर्याने घेतला जाणारा धोका आहे.

नवी दुचाकी विकताना उत्पादकाने मानकानुसार हेल्मेट सोबत द्यावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ सांगतो, आणि त्या हेल्मेटाचे पुढे काय होते हे गाडी विकण्याच्या वेळी उघड होते. मालकी हस्तांतरित करण्यापूर्वी थकीत चलाने भरावी लागतात, म्हणून विकणारा आणि घेणारा यांच्यात दिवाणखान्यात चहा पिता पिता घासाघीस होते. विनाहेल्मेटची चलाने विक्रेत्याने भरावीत असे ग्राहकाचे म्हणणे पडते, आणि विक्रेता ती भरायला तयार होतो, पण किंमत कमी करायला तयार होत नाही. “गाडी सिंगल हँड आहे,” तो सांगतो, माळ्यावर चढतो, आणि कंपनीने दिलेले हेल्मेट खाली काढतो, ज्याच्या काचेवरचे प्लास्टिकही अजून निघालेले नाही. “हे बघा. एकदाही वापरलेलं नाही. याचे पाचशे वेगळे द्या.”